विमानातला एसी बिघडला तर...

धंद्याच्या निमित्ताने आता आपल्यापैकी बरेच जण विमानाने ये-जा करतात. दुकानातला एसी बंद पडला तर फार तर गिऱ्हाईक घामाघूम होऊन निघून जाते. विमानातल्या एसीची गोष्ट निराळी आहे. तो नुसता गारव्यासाठी नसतो, प्रवाशांचा श्वास त्याच्यावर चालतो. म्हणून आपण त्याची थोडी माहिती करून घेऊ.

३५ हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की माणसाची शुद्ध अर्ध्या ते एका मिनिटात हरपते. त्यासाठी बहुतेक विमानांत इंजिनात दाबली गेलेली हवा आत घेतात. सायकलीत हवा भरताना पंप तापतो, तशी ही हवाही दाबामुळे तापून २०० अंशांच्या आसपास जाते. ‘पॅक’ नावाची यंत्रे तिला थंड करून केबिनमध्ये सोडतात. बाहेर उणे ५० अंश थंडी असूनही पॅक बिघडल्यावर आत उकाडा होतो, तो यामुळेच.

असे पॅक साधारणपणे दोन असतात. एक बिघडला तर वैमानिक तो बंद करून दुसऱ्यावर काम भागवतात. गरज पडल्यास विमान खालून नेतात. दोन्ही गेले तर केबिनमधला हवेचा दाब उतरू लागतो. अशा वेळी वैमानिक आधी स्वतः ऑक्सिजनचा मास्क लावतात आणि विमान झपाट्याने १० हजार फुटांच्या आसपास आणतात. तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. हे उतरणे म्हणजे अपघात नव्हे, तोच इलाज आहे.

हयगय झाली तर काय होते? २० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात इंजिनाची हवा केबिनला देणारे बटण चालू करायचे राहून गेले. तीसच्या आसपास प्रवाशांना त्रास झाला, काहींच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान वेळीच मुंबईला परतले. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिऑसच्या विमानात दाबाचे बटण चुकीच्या जागी राहिले होते. धोक्याचा भोंगा वाजला, पण वैमानिकांनी त्याचा अर्थ भलताच लावला. त्यांची शुद्ध हरपली आणि १२१ जीव गेले.

प्रवाशांनी काय करावे? उकाडा वाढला, जळका वास आला किंवा सोबतच्या बुजुर्गांची तबियत बिघडली तर लगेच कर्मचाऱ्यांना सांगावे. पट्टा बांधून ठेवावा. मास्क खाली आला की ओढून नाका-तोंडावर बसवावा. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. तो साधारण १२ ते १५ मिनिटे पुरतो आणि तेवढ्यात विमान खाली येते.

मूल शेजारी असले तरी मास्क आधी स्वतःला, मग मुलाला. आई-बापाच्या काळजाला हे कठीण वाटेल. पण आपलीच शुद्ध गेली तर मुलाला मास्क कोण लावणार?