पॉलिश मशीन घेताय? आधी रंगाची जाडी समजून घ्या

डेंटिंग-पेंटिंग, गॅरेज आणि गाड्या धुण्याच्या व्यवसायात आपल्या समाजातील अनेक तरुण आहेत. हाताने रबिंग करण्यात दिवस जातो, म्हणून पॉलिश मशीन घेण्याकडे साहजिकच त्यांचा ओढा असतो. मशीन जरूर घ्यावे; परंतु जे मशीन तासाभरात चमक आणते, तेच चुकीच्या हातात काही सेकंदांत रंग जाळते. म्हणून या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्यांसाठी काही उपयुक्त माहिती आम्ही येथे देत आहोत.

थर किती पातळ असतो?

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. कंपाऊंड लावून रबिंग करणे म्हणजे हाच थर घासून सपाट करणे होय. रंगाचे उन्हापासून रक्षण करणारा हा थर एकदा गेला की परत येत नाही. मग तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून इलाज उरत नाही.

कोणते मशीन घ्यावे?

मशीन मुख्यतः दोन प्रकारचे असते. रोटरी मशीनचे पॅड एकाच केंद्राभोवती गरगर फिरते. ते काम झपाट्याने करते, पण एका जागी उष्णताही तितकीच वाढवते. दुसरे ड्युअल ॲक्शन मशीन. याचे पॅड फिरता फिरता डोलतेही आणि जास्त दाब पडला की फिरणे मंदावते. त्यामुळे रंग जळण्याचा धोका बराच कमी होतो. नवशिक्याने हेच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुरलेल्या कारागिराने रोटरी घेतल्यास वेग कमी-जास्त करण्याची सोय आणि हळूहळू वेग घेणारे बटण पाहूनच घ्यावे.

पैसे वाचवण्यासाठी काही जण लोखंड घासण्याच्या ग्राइंडरलाच पॅड बसवतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो; पॉलिशला हजार ते दोन हजार पुरतात. हा प्रयोग कदापि करू नये.

काम कसे करावे?

गाडी स्वच्छ धुऊन, क्ले बारने चिकटलेली धूळ काढून, सावलीत पत्रा थंड झाल्यावरच मशीन लावावे. धुळीचा एक कण पॅडखाली राहिला तरी नवे ओरखडे उठतात. दरवाजांच्या कडा, बॉनेटच्या धारा आणि उंचवटे यांवर मास्किंग टेप लावावी, कारण तेथे थर सर्वांत पातळ असतो. प्लास्टिकच्या बंपरवर उष्णता पसरत नाही, तेथे हात विशेष हलका ठेवावा.

सुरुवात नेहमी मऊ फोम पॅड आणि सौम्य पॉलिशने, हातभर जागेवर करून पाहावी. तेवढ्याने भागले तर लोकरी पॅड आणि जाड कंपाऊंड वापरूच नये. मशीन पत्र्यावर टेकवूनच सुरू करावे आणि उचलण्यापूर्वी बंद करावे. एका वेळी दीड-दोन फूट चौरस जागा घ्यावी, पॅड सपाट ठेवावे, मशीन सावकाश पण सतत सरकते ठेवावे. मधूनमधून पत्र्याला हात लावावा; चटका बसला तर थांबावे. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाडीवर पॅडला रंग लागतो, त्याने घाबरू नये. परंतु क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅड रंगले, तर तेथेच काम थांबवावे. जाडी मोजण्याचे यंत्र परवडत असेल तर अवश्य घ्यावे. रंग पूर्वी दुरुस्त झाला असेल तर त्याच्या आकड्यावरून अंदाज येतो.

स्वतःचा जीवही जपा

गाडी धुतलेल्या ओल्या जमिनीवर विजेचे मशीन चालवणे धोक्याचे आहे. जमीन कोरडी करावी, तीन पिनी प्लग आणि नीट अर्थिंग असावे, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर बसवून घ्यावा. वायर खांद्यावरून मागे सोडावी. सैल बाही, गळ्यातील रुमाल, लोंबती दोरी मशीनजवळ नको. चष्मा आणि मास्क वापरावा. पॅड बदलताना प्लग काढावा.

ग्राहकाला खरे सांगा

नख ओढून पाहावे. नख अडकले तर तो ओरखडा खोल आहे. पॉलिशने तो पूर्ण जाणार नाही, हे आधीच सांगावे. काही पॉलिशमधील तेल आणि भराव ओरखडे तात्पुरते झाकतात. गाडी देताना ती आरशासारखी दिसते, चार वेळा धुतली की जाळे पुन्हा उघडे पडते. म्हणून काम झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, उजेडात ग्राहकासमोरच पाहावे. दोष झाकून माल देणे आपल्या दीनमध्ये निषिद्ध आहे. सेवेच्या धंद्यालाही तोच नियम लागू आहे.

ग्राहकाची गाडी आपल्याकडे अमानत असते. थर शिल्लक नसेल तर काम नाकारावे. त्या दिवशीची मजुरी जाईल, पण तोच ग्राहक पुढे आणखी चार गाड्या घेऊन येईल. हलाल कमाईची बरकत ती हीच.