किती तास चालतो?

गोव्यात बनलेल्या गेमांवर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढे ढकलतो आहे. ‘राजी’ या गेमवरचा भाग वाचून औशाच्या एका वाचकाने विचारलं आहे की, गेम पुण्यात बनला म्हणून कौतुक ठीक, पण जो पाच-सहा तासांत आटोपतो त्यासाठी पैसे का मोजायचे? फुकटातले गेम वर्षभर खेळता येतातच की. प्रश्न रोखठोक आहे. शिवाय या मालेत आतापर्यंत आलेले निम्मे गेम ज्या कारणाने मागे पडले, ते कारण नेमकं या प्रश्नातच दडलेलं आहे. म्हणून आजचा सगळा भाग लांबीवर.

पैसे भागिले तास हा हिशोब फक्त आपल्याकडे होतो असं नाही. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा २०१४चा गाजलेला मोबाइल गेम दीड-दोन तासांत संपतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला ‘फरगॉटन शोअर्स’ नावाच्या आठ नव्या लेव्हल जोडल्या गेल्या आणि त्यांची वेगळी किंमत ठेवली, तीही दोन डॉलरच्या आत. लगेच एका ताऱ्याच्या शेऱ्यांचा मारा सुरू झाला. तक्रार लेव्हल वाईट असल्याची नव्हती, पुन्हा पैसे मागितल्याची होती. या हिशोबाचा याहून मोठा फटका बसतो तो स्टीम या संगणकावरच्या गेमांच्या सर्वांत मोठ्या दुकानात. तिथल्या नियमानुसार खरेदीला चौदा दिवस झाले नसतील आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल, तर पैसे परत मिळतात. ग्राहकाच्या बाजूने नियम चांगलाच आहे, पण दीड तासाचा गेम माणूस पुरता संपवतो, आवडला म्हणून चांगला शेरा लिहितो आणि पैसेही परत घेतो. ‘समर ऑफ फिफ्टी-एट’ हा छोटा भीतिदायक गेम करणाऱ्या एमिका गेम्सने २०२१च्या ऑगस्टमध्ये हेच कारण देऊन गेम बनवण्यातून बेमुदत रजा घेतली. शेरे चांगले होते, पण परताव्यांमुळे पुढच्या गेमपुरती कमाई हाती राहिली नव्हती. अशा बाजारात गेम करणारा काय शिकतो? जिथे एक दरवाजा पुरे, तिथे तीन किल्ल्या शोधायला लावायच्या आणि त्या तीन कोपऱ्यांत नेऊन ठेवायच्या.

आता वर्षभर पुरणाऱ्या गेमकडे पाहू. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) फुकट आहे हे खरं, आणि त्याची एक मॅच अर्ध्या तासात संपते हेही खरं. पण मॅच संपते, गेम संपत नाही. रोजची कामगिरी, ठरावीक मुदतीत पुरा करायचा रॉयल पास, मुदत संपली की हुकलेले पोशाख आणि पुन्हा नवा पास, अशी ही रचना आहे. ते तास गेम खेळणाऱ्याला देत नाही, त्याच्याकडून घेतो, कारण त्या तासांतच कधीतरी यूसी हे गेममधलं चलन विकत घ्यायची वेळ येते. सरकारी बंदीनंतर मे २०२३मध्ये हा गेम परतला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास आणि बाकीच्यांना सहा तास अशी मर्यादा घालावी लागली, यातच सगळं आलं. लातूरच्या रिपीटर बॅचला बसलेल्या किंवा नांदेडला खोली करून नीटची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांना ही अडचण नव्याने सांगायला नको. माझं म्हणणं इतकंच की, याच मुलांना छोटा गेम जास्त सोयीचा. तो रविवारी दुपारी सुरू होतो, संध्याकाळी संपतो आणि सोमवारी परत बोलावत नाही. कुणी म्हणेल, फुटबॉल किंवा बुद्धिबळ तरी कुठे संपतं? बरोबर आहे, आणि चुरशीचा खेळ म्हणून बीजीएमआयबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती त्याच्या मापाने गोष्ट सांगणारा गेम मोजण्याबद्दल. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ किती पानांची आहे, असं शाळेतल्या कुठल्या मुलाने कधी विचारलं?

लहान गेमला जमतं ते लांब गेमला का जमत नाही, हे दाखवायला मी ‘फ्लॉरेन्स’ पुढे करीन. मेलबर्नच्या माउंटन्स या स्टुडिओचा २०१८चा हा गेम मोबाइलवर चालतो आणि पाऊण तासाच्या आत संपतो. फ्लॉरेन्स ही पंचविशीची मुलगी आणि क्रिश हा चेलो वाजवणारा भारतीय वंशाचा मुलगा, यांचं जमतं आणि मोडतं, एवढीच गोष्ट. संवादाचे शब्द जवळजवळ नाहीतच. पहिल्या भेटीत बोलायचं म्हणजे समोर आलेले चित्रतुकडे जुळवून बोलण्याचा फुगा पुरा करायचा. आधी तुकडे बरेच असतात आणि बोट अडखळतं. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात आणि शेवटी एकच उरतो. तो नुसता जागेवर सरकवला की वाक्य झालं! पुढे भांडण होतं तेव्हा त्याच तुकड्यांना टोकदार कडा आलेल्या असतात आणि समोरच्याच्या आधी ते बसवायची घाई लागते. क्रिश राहायला येतो तेव्हा त्याचं सामान फळीवर मांडायला फ्लॉरेन्सची कुठली वस्तू अडगळीत टाकायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचं, आणि नंतर त्याचं तेच सामान खोक्यात भरायचं. माणसांमधलं बोलणं सोपं होतं आणि पुन्हा बोचरं होतं, हे इथे कुणी सांगत नाही, ते बोटांना कळतं. हीच युक्ती दहा तास ताणली असती तर तिसऱ्या तासाला ती नुसती जिगसॉ पझल होऊन बसली असती. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये २०१८चा सर्वोत्तम मोबाइल गेम हाच ठरला, तरी आपल्याकडे त्याचं नाव निघत नाही.

‘वेन्बा’चंही तेच. टोरांटोच्या विसाई गेम्सचा २०२३चा हा गेम दीड तासाच्या आसपासचा. १९८०च्या दशकात कॅनडाला गेलेलं तमिळ जोडपं, तिथे जन्मलेला मुलगा, आणि बायकोला तिच्या आईने दिलेली पाककृतींची वही, जिची पानं फाटली-पुसली आहेत. इडलीपात्राचे साचे एकावर एक कसे रचायचे तेच नेमकं वहीत वाचता येत नाही, मग वाफ कुठून जाणार याचा विचार करून खेळणाऱ्याने ते लावायचे. मोबाइलवर रांधायचे फुकट गेम ढिगाने आहेत. तिथे गिऱ्हाईक चिडायच्या आत बर्गर पुढे सरकवायचा आणि नाणी मोजायची. इथे पदार्थ मोजकेच आहेत, पण प्रत्येक पदार्थामागे घरातली काही वर्षं उलटलेली असतात. याला २०२४मध्ये बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, तरीही ‘किमतीच्या मानाने छोटा’ हा शेरा त्याला चिकटलाच.

आता ‘राजी’च्या बाजूने न बोलता बोलतो. तिचा शेवट मलाही पटत नाही. गोष्ट ऐन भरात असताना पडदा पडतो आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पण हा दोष अपुरेपणाचा आहे, आखूडपणाचा नाही. ‘फ्लॉरेन्स’ पाऊण तासाच्या आत पुरी होते. ‘राजी’ सहा तासांतही पुरी होत नाही, आणि तसेच आणखी सहा तास जोडले असते तरी झाली नसती. २०१७मध्ये किकस्टार्टरवरचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावर छोट्या टीमने रेटून नेलेला हा गेम आहे. असलेला पैसा त्यांनी लांबी वाढवण्यात घातला नाही, भिंतींवर घातला, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. राजी एखाद्या भित्तिचित्रापाशी थांबली की दुर्गा आणि विष्णू त्यातली कथा सांगू लागतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांत उलगडतात. (छायाबाहुल्या पाहायला लांब जायला नको, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ती कला जपली आहे आणि तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्रीही मिळाली आहे. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.) आता, असे गेम खेळायला ज्यांच्याकडे संगणकच नाही त्यांनी काय करायचं, हा वाचकाच्या प्रश्नाचा उरलेला भाग. त्यांच्यासाठी ‘फ्लॉरेन्स’ आणि ‘मॉन्युमेंट व्हॅली’ साध्या मोबाइलवर चालतात. किंमत पूर्ण द्यायची नसेल तर सेलची वाट पाहावी, ती बरीच उतरते.

लांबीचा हट्ट सोडायचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या लेखी ते सर्वांत वजनदार आहे. आपला मुलूख गेममध्ये यायचा तर तो छोट्या गेममधूनच येईल. ‘असॅसिन्स क्रीड’च्या मुख्य गेमांसाठी शेकडो माणसं आणि कैक स्टुडिओ राबतात, आणि त्यांतून अख्खी शहरं उभी राहतात. त्याच मालिकेने भारताला जागा दिली ती ‘क्रॉनिकल्स : इंडिया’ या २०१६च्या छोट्या उपगेममध्ये. गोष्ट १८४१ची, शीख साम्राज्यातली. नांदेडकरांना तो काळ परका वाटू नये, कारण ज्या महाराजा रणजितसिंहांनी हजूर साहिबची वास्तू उभारून घेतली, त्यांना जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. एका बाजूने सरकत जाणारी, चित्रासारखी दृश्यं; थोडी माणसं, थोडा खर्च. तो गेम मला आजही देखणा वाटतो. तोच बेत नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला लागू करून पाहा. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा भुईकोट, भोवती पाण्याचा खंदक, आणि परिसरात सापडलेले अवाढव्य क्षेत्रपालमूर्तीचे तुकडे, ज्यांतलं एकेक पाऊल पाहून अख्खी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज बांधावा लागतो. त्या तुकड्यांवरून उभी मूर्ती मनात जुळवत जायचं, खंदकावरून आत शिरायची वाट शोधायची आणि वाटेत एकेका काळातलं कंधार उलगडत जायचं, असा तीन तासांचा गेम पाच-सहा जणांच्या टीमच्या आवाक्यातला आहे. हाच गेम वीस तासांचा करायला घेतला, तर मधले सतरा तास शत्रूंच्या झुंडींनीच भरावे लागतील.