तेजा, मोगॅम्बो आणि आमचा संकासुर

गेल्या डिसेंबरात गावच्या जत्रेला गेलो होतो, मालवणच्या जवळच. रात्रभर दशावतार, म्हणून दुपारी ओटीवर लोळत इअरफोन लावून पडलो होतो. मामा शेजारी सुपारी कातरत बसलेले. त्यांनी सरळ माझ्या एका कानातला इअरफोन काढून आपल्या कानात घातला. दहा सेकंदांनी म्हणाले, ‘‘कोणाचो गळो आवळतत रे?’’

कानात होता ‘मार्क ऑफ तेजा’. मुंबईच्या ‘स्क्राइब’ बँडचा २०१० चा अल्बम.

तेव्हा मी नोकरीला नवा. ऑफिसात आपण मालवणीत विचार करतो हे कुणाला कळू नये, म्हणून जाम काळजी घ्यायचो. रॉक ऐकायचं ते परदेशी, आणि चेहरा गंभीर ठेवून. हार्डकोर पंक तर त्याहून गंभीर. १९८० च्या आसपास वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिसच्या पोरांनी पंकचा वेग वाढवला, गाणी दीड-दोन मिनिटांवर आणली आणि गाण्याऐवजी ओरडणं सुरू केलं. ‘ब्लॅक फ्लॅग’चा ‘डॅमेज्ड’ आला १९८१ मध्ये. त्यात राग होता तो त्यांच्या पोलिसांवर, त्यांच्या गावांवर. आपण इथे अंधेरीच्या लोकलमध्ये लटकत तो राग उसना घ्यायचो.

आणि मग हे लोक. त्याच तुफान गिटार (हार्डकोरमध्ये मेटलची भरपूर भेसळ), विश्वेश कृष्णमूर्तीचा तोच फाटका घसा, पण अल्बमच्या नावात ‘अंदाज अपना अपना’मधला तेजा! आणि एका गाण्याचं नाव चक्क ‘आय लव्ह यू, पावभाजी’. बॉस, मी ट्रेनमध्ये एकटाच हसलो.

सगळ्यांना ते पटलं नाही. माझ्या एका मेटलवेड्या मित्राने नाक मुरडलं, ‘‘हार्डकोर म्हणजे कॉमेडी सर्कस आहे का?’’ त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. विनोद दहाव्यांदा ऐकला की शिळा होतो, आणि या अल्बममधली काही नावं गाण्यापेक्षा मजेशीर आहेत. पण गंमत अशी की वाजवण्यात कुठेही थट्टा नाही. वेगात चाललेला ताल मध्येच अर्ध्यावर येतो, गिटार जड होते, त्या क्षणाला गर्दी एकमेकांवर आदळते, आणि आदळताना हसते. हेच मला परदेशी कॅसेटींत कधी मिळालं नव्हतं. २०१४ मध्ये पुढचा अल्बम आला तो ‘हेल मोगॅम्बो’. पुन्हा हिंदी सिनेमाचा खलनायक, आणि पुन्हा आपल्याला तोच आवडलेला.

रात्री देवळासमोर बसलो आणि ट्यूब पेटली. दशावतारात सुरुवातीलाच संकासुर येतो. वेद पळवणारा राक्षस, काळे कपडे, लोंबणारी लाल जीभ. लहान पोरं आयांच्या मागे लपतात. आणि हा गडी तोंड उघडतो ते थेट मालवणीत! गावातल्या कुणाची ना कुणाची फिरकी घेतो, मृदंग कडकडतो, झांज कान फोडते, सगळं देऊळ खो-खो हसतं. लिहिलेली संहिता नाही, सगळं जागच्या जागी. आणि मी इतकी वर्षं हेच ऑफिसात लपवत होतो!

मामा तरुणपणी दशावतारात मृदंग वाजवायचे. मध्यंतरात चहा पिताना त्यांनी हात पुढे केला. ‘‘तां दुपारचा परत लाय बघू.’’

पावभाजीचं गाणं लावलं. मांडीवर बोटं चालू झाली. एकदा चुकली, मामांनी कपाळाला आठी घातली, परत धरली.

‘‘बोंबलतत,’’ ते म्हणाले, ‘‘पण ताल सोडूक नाय.’’