जुन्या डिझेल इंडिकाला ॲक्सल घेताना

पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत ॲक्सल दोन असतात आणि दोन्हींची लांबी सहसा वेगळी असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताच कटकट आवाज आला, तर चाकाकडचा जॉइंट गेला. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरली, तर गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर संशय घ्यावा. जॉइंटवरचा नुसता रबरी बूट फाटला असेल आणि आवाज नसेल, तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. पूर्ण ॲक्सलचा खर्च उगाच का करायचा?

पिंपरीत तयार झालेली इंडिका 1998 च्या डिसेंबरात बाजारात आली, 1405 सीसी डिझेल इंजिनासह. पुढे 2008 च्या इंडिका व्हिस्टात 1.3 लिटरचं क्वाड्राजेट इंजिन आलं. नाव इंडिकाच, म्हणून एकाचा ॲक्सल दुसऱ्याला बसेल असं धरू नका. दुकानात चासी नंबर द्या. जुना ॲक्सल सोबत न्या, नव्याशेजारी ठेवून लांबी जुळवा, दोन्ही टोकांचे दाते मोजा. एबीएस असेल तर त्याची दातेरी रिंगही बघा.

रिकंडिशन केलेला स्वस्त पडतो, पण आतल्या गोळ्यांच्या खाचा झिजलेल्या असतील तर नवं ग्रीस आणि वर मारलेला काळा रंग ते काही दिवसच झाकतात. माझं मत नव्याच्या बाजूने. ॲक्सल काढलाच आहे तर गिअरबॉक्सचं ऑइल सील बदला, सांडलेलं गिअर ऑइल भरून घ्या आणि हबचा नट नवा वापरा.