पदकाला बावन्न वर्षे लागली

वाचकहो, १३ जानेवारी १९९७ या दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाईट हाऊसमध्ये, एक समारंभ झाला. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सात सैनिकांना 'मेडल ऑफ ऑनर' दिले. आपल्याकडे परमवीर चक्राला जो मान आहे, तोच मान तिकडे या पदकाला आहे. पदके सात होती, पण पदक घ्यायला स्वतः हजर असलेला सैनिक एकच होता. बाकीचे सहा जण हयात नव्हते. त्यांची पदके त्यांच्या वतीने इतरांनी घेतली.

हजर असलेल्या त्या एकट्या सैनिकाचे वय होते ७७. नाव व्हर्नन बेकर. पायदळातला निवृत्त लेफ्टनंट. ज्या पराक्रमासाठी पदक मिळाले तो घडला होता एप्रिल १९४५ मध्ये. तेव्हा हा माणूस पंचवीस वर्षांचा होता. म्हणजे पराक्रम आणि पदक यांच्यामध्ये जवळजवळ बावन्न वर्षे गेली. एवढा उशीर का झाला? कारण बेकर काळे होते. बाकीचे सहा जणही काळेच होते.

या माणसाची हकिगत आपल्या घराघरांत, विशेषतः शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना, माहीत असावी असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

पोरका मुलगा

व्हर्नन बेकर यांचा जन्म १७ डिसेंबर १९१९ रोजी वायोमिंग राज्यातील शायेन या गावी झाला. चार वर्षांचे असताना मोटार अपघातात आईवडील दोघेही गेले. दोन मोठ्या बहिणी आणि हा धाकटा, अशा तिघांना आजी-आजोबांनी सांभाळले. आजोबा रेल्वेत नोकरीला होते. शायेनमध्ये काळ्यांची घरे मोजकीच होती. आजोबांनी नातवाला बंदूक धरायला शिकवले, ते शिकार करून घरात चार घास आणता यावेत म्हणून. ती शिकवण पुढे कुठे उपयोगी पडणार आहे, हे त्या म्हाताऱ्याला काय ठाऊक!

मधली काही वर्षे व्हर्नन नेब्रास्का राज्यातील 'बॉईज टाऊन' या मुलांच्या आश्रमात राहिला. पुढे आयोवा राज्यातील क्लॅरिंडा गावी त्याने हायस्कूल पूर्ण केले. शिक्षण झाले, पण नोकरी कोणती मिळाली? रेल्वेत हमालाची! गोऱ्या प्रवाशांच्या बॅगा उचलायच्या आणि खाली मान घालून बक्षिसी घ्यायची. हे काम त्यांना मनापासून नकोसे होते. कष्टाची त्यांना लाज नव्हती. त्या कामात माणसाला माणूस म्हणून कोणी पाहत नसे, याचा त्यांना संताप होता.

"तुमच्यासाठी जागा नाही"

१९४१ साली बेकर सैन्यात भरती व्हायला गेले. भरती करणाऱ्या गोऱ्या शिपायाने त्यांना सांगितले की तुमच्या लोकांसाठी आमच्याकडे जागा नाहीत. अर्ज घेतलाच नाही. तरुण बेकर रागाने परत फिरले. काही आठवड्यांनी मनाची समजूत घालून ते पुन्हा त्याच कचेरीत गेले. या वेळी टेबलापाशी दुसरा माणूस होता. त्याने अर्ज घेतला. बेकर यांनी पुरवठा खाते मागितले होते, त्या माणसाने कागदावर 'पायदळ' लिहिले. बेकर काही बोलले नाहीत. एकदा नाकारलेल्या माणसाला दुसऱ्यांदा नकार ऐकायचा नव्हता.

कचेरीतल्या एका माणसाच्या मनावर दुसऱ्याचे आयुष्य कसे अवलंबून असते, ते यात दिसते. टेबल तेच, कायदा तोच, फक्त खुर्चीवरचा माणूस बदलला, आणि अमेरिकेला एक वीर मिळाला. पहिल्या नकारानंतर बेकर घरी बसले असते तर?

शिक्षणासाठी त्यांना टेक्सास राज्यात पाठवले. तिथे उतरल्यावर ते बसमध्ये चढले आणि पुढच्या सीटवर बसले. ड्रायव्हरने शिवी देऊन मागे जायला सांगितले. बेकर यांचा हात उठणार एवढ्यात एका वयस्कर काळ्या माणसाने त्यांना धरून मागे नेले आणि इथली रीत काय आहे ते समजावले. अंगावर देशाचा गणवेश असूनही, बसमध्ये जागा मात्र मागेच!

त्या वेळी अमेरिकेच्या सैन्यात काळ्यांच्या रेजिमेंट वेगळ्या होत्या. राहण्याच्या बराकी वेगळ्या, जेवणाच्या जागा वेगळ्या. युद्धाच्या काळात तिकडच्या रेडक्रॉसने काळ्यांचे आणि गोऱ्यांचे रक्तसुद्धा वेगवेगळे साठवले. बाटलीवरची ही वर्णाची चिठ्ठी १९५० साली निघाली. युद्धात बारा लाखांच्या आसपास काळे अमेरिकन गणवेशात होते, पण बहुतेकांना ओझी वाहणे, रस्ते बांधणे, गाड्या हाकणे अशीच कामे दिली गेली. काळा माणूस लढू शकत नाही, असे वरिष्ठ अधिकारी उघड बोलत.

बेकर शिकलेले होते, म्हणून त्यांना अधिकाऱ्यांच्या शाळेत पाठवले गेले. जानेवारी १९४३ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले.

इटलीतला डोंगर

१९४४ च्या उन्हाळ्यात बेकर यांची ३७० वी पायदळ रेजिमेंट इटलीत उतरली. ती ९२ व्या डिव्हिजनची होती. या डिव्हिजनचे शिपाई काळे, आणि वरचे अधिकारी बहुतेक गोरे. ऑक्टोबरमध्ये बेकर यांच्या हाताला गोळी लागली. इस्पितळातून बरे होऊन ते पुन्हा आपल्या लोकांत गेले.

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यालगत डोंगरावर आगिनोल्फी नावाचा जुना किल्ला आहे. जर्मनांनी तिथे पक्के ठाणे केले होते. तिथून खालचा सगळा किनारी रस्ता त्यांच्या माऱ्यात होता. ५ एप्रिल १९४५ रोजी पहाटे पाच वाजता बेकर यांची कंपनी या किल्ल्याकडे निघाली. बेकर आणि सुमारे पंचवीस जण इतरांच्या पुढे निघून दोन तासांत किल्ल्यापासून अडीचशे यार्डांवर पोहोचले.

पुढे जे घडले ते सरकारी नोंदीत आहे. मशीनगनसाठी जागा शोधताना बेकर यांना टेकडीच्या कडेला एका फटीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या दिसल्या. ती शत्रूची टेहळणीची चौकी होती. ते सरपटत खाली गेले, फटीत रायफल घातली आणि चौकी बंद पाडली. थोड्या अंतरावर झाडपाल्यात लपवलेली मशीनगन सापडली. तिच्यावरचे दोघे न्याहारी करत होते. तीही निकामी केली. मग एका जर्मन शिपायाने हातबॉम्ब फेकला, पण तो फुटला नाही. बेकर एकटेच ओढ्याच्या घळीत उतरले, लपवलेल्या खंदकाचे तोंड हातबॉम्बने उडवले आणि आत शिरले.

वर येतात तो उखळी तोफांचा आणि मशीनगनचा मारा सुरू झाला. पंचवीसपैकी दोनतृतीयांश माणसे मेली किंवा जखमी झाली. मागून कुमक येणार होती, ती आली नाही. शेवटी कंपनीच्या गोऱ्या कॅप्टनने दोन तुकड्यांत मागे फिरण्याचा हुकूम दिला. पहिली तुकडी निघताना शत्रूला थोपवून धरायला कोण थांबणार? बेकर स्वतःहून थांबले. जे चालू शकत नव्हते त्यांना हलवायलाही थांबले. परततानाही वाटेतल्या दोन मशीनगन त्यांनी हातबॉम्बने उडवल्या. आणि दुसऱ्या रात्री सुरुंग पेरलेल्या रानातून अख्ख्या बटालियनला वाट दाखवायला पुन्हा तेच पुढे झाले.

चार दिवसांनी, त्याच देशात

इथे एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी. त्याच इटलीत, त्याच मोहिमेत, आपल्याकडचे जवानही लढत होते. १९४४ च्या नाताळानंतर जर्मनांनी सेर्कियो नदीच्या खोऱ्यात या ९२ व्या डिव्हिजनला मागे रेटले, तेव्हा मदतीला धावून गेली ती ८ वी भारतीय डिव्हिजन. त्याच डिव्हिजनमधले मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी, म्हणजे बेकर यांच्या लढाईनंतर अवघ्या चार दिवसांनी, सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना वाचवले आणि शत्रूची तीन मशीनगन ठाणी बंद पाडली.

दोघांच्या नावावर तीन-तीन मशीनगन. दोघांनीही जखमी सोबत्यांसाठी जीव धोक्यात घातला. जाधव परक्या राज्याचे शिपाई, तरी त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याच वर्षी जून महिन्यात जाहीर झाला. बेकर आपल्याच देशासाठी लढले, त्यांना खालच्या दर्जाचा 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' देऊन गप्प बसवले गेले. दुसऱ्या महायुद्धात चारशेहून जास्त मेडल ऑफ ऑनर दिली गेली. काळ्या सैनिकाला किती? एकही नाही!

पदवी नाही म्हणून

१९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा हुकूम काढला. बेकर सैन्यातच राहिले होते. युद्धानंतर कॉलेजची पदवी नाही या कारणाने त्यांचे अधिकारीपद काढून घेतले गेले. ज्याने किल्ल्याखालची ठाणी उडवली तो पुन्हा सार्जंट झाला. कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर सरकारला माणसांची गरज पडली, तेव्हा अधिकारीपद परत मिळाले. छत्रीधारी दलातही त्यांनी काम केले. १९६८ साली ते निवृत्त झाले, ते लेफ्टनंट म्हणूनच. त्यानंतर जवळपास वीस वर्षे त्यांनी कुठे नोकरी केली? एके काळी रक्त वेगळे ठेवणाऱ्या त्याच रेडक्रॉसमध्ये. सैनिकांच्या कुटुंबांच्या अडीअडचणी सोडवणे हे त्यांचे काम होते. पत्नी वारल्यावर ते आयडाहो राज्यातील जंगलाच्या भागात जाऊन राहिले. आपल्या अंगणात कोण राहतो हे शेजाऱ्यांनाही फारसे ठाऊक नव्हते.

कागद कुठे अडला?

१९९३ साली अमेरिकन सैन्याने नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शॉ विद्यापीठाकडे एक काम सोपवले. दुसऱ्या महायुद्धात एकाही काळ्याला हे पदक का मिळाले नाही, याचा शोध घ्यायचा. अभ्यासकांनी दप्तरे धुंडाळली. काळ्या सैनिकांच्या शिफारशींचे कागदच सापडेनात. सैन्यातले वातावरणच असे होते की काळ्याचे नाव एवढ्या मोठ्या पदकासाठी वर जाणेच अवघड होते, असे त्यांच्या अहवालातून दिसून आले.

आम्ही स्वतः टेबलावर बसून कागद सरकवणारी माणसे आहोत. अन्याय दर वेळी शिवी देऊन होत नाही, हे आम्ही रोज पाहतो. कागद लिहिलाच नाही, किंवा लिहिला आणि बाजूला ठेवला, एवढ्याने काम भागते. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेडी स्टॉवर्स या काळ्या शिपायाची शिफारस १९१८ साली खरोखर झाली होती. ती दप्तरात पडून राहिली. पदक जाहीर होऊन त्याच्या बहिणींच्या हाती पडले ते १९९१ साली!

जुन्या युद्धातील पदकांची मुदत संपून गेली होती, म्हणून अमेरिकेच्या संसदेला १९९६ साली खास कायदा करावा लागला. तेव्हा कुठे बेकर व्हाईट हाऊसच्या पायऱ्या चढले. पदक गळ्यात पडले तेव्हा त्यांच्या गालावरून अश्रू ओघळला. त्या डोंगरावर मागे राहिलेल्या १९ सोबत्यांची आठवण ते शेवटपर्यंत काढत राहिले. आम्ही सगळेच संतापलेले होतो, पण हाती घेतलेले काम आम्ही पूर्ण केले, अशा अर्थाचे ते बोलत. याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १३ जुलै २०१० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी ते वारले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना मानाने पुरले आहे.

वाट एकदा मोकळी झाली ती इतरांनाही उपयोगी पडली. त्याच एप्रिलमध्ये त्याच डोंगररांगेत बेकर यांच्या शेजारी जपानी वंशाच्या अमेरिकनांची पलटण लढत होती. त्यांच्यापैकी कित्येकांचे आईबाप अमेरिकेतच काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडलेले होते. त्यांच्याही नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या आणि २००० साली आशियाई वंशाच्या २२ सैनिकांना हे पदक मिळाले.

वाचकहो, पराक्रम एका सकाळी झाला, न्याय मिळायला उभे आयुष्य गेले. सहा जणांना तर तो मेल्यावर मिळाला. कोणीतरी जुने कागद उघडले नसते तर सातव्यालाही मिळाला नसता. यातून आम्ही एकच बोध घेतो. आपल्या माणसांनी केलेल्या कामाची नोंद दुसरा कोणी ठेवील, या भरवशावर राहू नये. तुमच्या घरातही कोणी सैन्यात, रेल्वेत, गिरणीत आयुष्य घातले असेल. आज रात्री जेवणे झाल्यावर मुलाच्या हाती वही द्या, आजोबांना बोलते करा, आणि तारीख, गाव, सोबत्यांची नावे लिहून घ्या. आजोबा आहेत तोवरच हे होईल.