ऑइलचा काटा खाली का येतो?

टाटांच्या 1210सारख्या जुन्या ट्रकमधले 697 इंजिन अजूनही पाण्याच्या टँकरखाली आणि उसाच्या गाड्यांखाली राबताना दिसते. सहा सिलिंडर, 97 मिलिमीटरचा बोअर, 5.675 लिटर क्षमता. टाटांच्याच टेल्कोने 1954 मध्ये डाइम्लर-बेंझशी करार केला, त्यातून भारतात आलेल्या डिझेल इंजिनांच्या घराण्यातलेच हे. वय झालेल्या अशा इंजिनाची एक तक्रार ठरलेली असते: सकाळी थंड असताना ऑइल प्रेशरचा काटा ताठ उभा आणि घाट चढून आल्यावर गाडी आयडलवर ठेवली की काटा तळाला.

बहुतेक चालक अशा वेळी ऑइल पंपाला दोष देतात. पण पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होते ते पुढच्या अरुंद वाटांमुळे. चेंबरमधले ऑइल जाळीतून खेचले जाते, फिल्टरमधून मेन गॅलरीत येते, तिथून सात मेन बेअरिंगांत, क्रँकमधल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत, कॅमशाफ्टकडे आणि सर्वांत शेवटी वर रॉकरकडे जाते. ठिबकच्या नळीवरचे चार ड्रीपर निसटले की मोटर तीच असूनही टोकाच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही, तसाच हा प्रकार. चांगल्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. आणि गळतीचे गणित निर्दय आहे: फट दुप्पट झाली तर तेवढ्याच प्रेशरला तिच्यातून सुमारे आठपट ऑइल निसटते. बेअरिंगची झीज डोळ्यांना फारशी दिसत नाही; काट्याला मात्र ती चांगलीच जाणवते.

त्यात उष्णतेची भर पडते. 15डब्ल्यू-40 ऑइल 40 अंशांना जेवढे दाट असते, त्याच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढेच ते 100 अंशांना उरते. म्हणून गरम आणि थंड इंजिनाचे प्रेशर एकाच मापाने मोजून चालत नाही. गरम इंजिनाला आयडलवर अर्धा-एक किलो आणि रस्त्याच्या वेगाला अडीच-तीन किलो मिळत असेल, तर एवढ्या जुन्या इंजिनाकडून जास्त अपेक्षा ठेवू नये. (गॅरेजमधला ‘किलो’ म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो, पाउंडांत सुमारे 14.) नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यावा.

तपास नेहमी स्वस्त बाजूने सुरू करावा, म्हणजे डिपस्टिकपासून. पातळी कमी असेल तर प्रश्न तिथेच सुटू शकतो. पातळी न भरता वाढली असेल तर मात्र सावध व्हावे. गळका नोजल किंवा खराब झालेला फीड पंप चेंबरमध्ये डिझेल सोडतो आणि ऑइल पातळ होते. दोन बोटांत चोळल्यावर चिकटपणा लागत नाही, वास डिझेलचा येतो, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर थेंब टाकला तर काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडे पसरते. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरले आहे. गरजेपेक्षा जास्त भरलेले ऑइलही वाईटच. क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि पंपाच्या तोंडी हवा जाते.

यानंतर खुद्द काट्याची साक्ष तपासावी. एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग इंजिनाच्या ब्लॉकमधूनच मिळते. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली एवढ्यानेही रीडिंग चुकू शकते. तेव्हा सेन्सर काढून त्या जागी खात्रीचे मेकॅनिकल गेज जोडावे, इंजिन पूर्ण गरम करावे आणि आयडलला व चढत्या आरपीएमला प्रेशर लिहून घ्यावे. ही अर्ध्या तासाची चाचणी केल्याशिवाय चेंबर खोलायला घेणारा मिस्त्री बदललेला बरा.

या चाचणीत काटा कसा वागतो यावरून पुष्कळ कळते. थंडपणी भरपूर आणि गरम झाल्यावर आयडलला घसरण, पण रेस दिल्यावर पुन्हा चढ, असे असेल तर बेअरिंगची फट वाढली आहे, पंप झिजला आहे किंवा ऑइल पातळ आहे. थंड असो वा गरम, रेस कितीही द्या, काटा एका ठरावीक जागेच्या वर जातच नसेल तर संशय रिलीफ व्हॉल्व्हवर. हा व्हॉल्व्ह जादा ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो; त्याच्या बैठकीवर कचऱ्याचा कण अडकला किंवा स्प्रिंग तुटली की तो उघडाच राहतो. दुरुस्ती किरकोळ, पण निदान चुकले तर अख्खे इंजिन विनाकारण खोलले जाते. काटा थरथरत असेल तर सक्शन पाइपातून हवा ओढली जाते आहे. आणि रेस वाढवताच प्रेशर उलट कमी होत असेल तर जाळी गाळाने तुंबली आहे, असे समजून चेंबर उतरवावे.

त्याआधी जुना फिल्टर कापून पाहणे फायद्याचे. कागदाच्या घड्या पसरून त्यांवर लोहचुंबक फिरवावा. चिकटतील ते लोखंडाचे कण. न चिकटणारी तांबूस चमकी दिसली तर बेअरिंगचा वरचा थर संपून तांब्याचा थर उघडा पडल्याची ती खूण आहे.

चेंबर उतरवल्यावर जाळी, पंपाचे गिअर आणि त्यांच्या झाकणावरचे ओरखडे पाहून घ्यावेत. खरा निकाल मात्र बेअरिंगांत असतो. पोलादी पाठ, तिच्यावर तांबे-शिशाचा थर आणि सर्वांत वर राखाडी मऊ मुलामा, अशी या अर्धगोल कवचांची रचना असते. राखाडी रंग सर्वत्र सारखा असेल तर बेअरिंग शाबूत. मधोमध तांबूस पट्टा दिसला तर आयुष्य संपले. क्रँक जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजावा, कारण तो झिजताना नेहमी गोल राहत नाही. अंडाकृती झालेल्या क्रँकवर नवी स्टँडर्ड बेअरिंगे बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. क्रँक ग्राइंड करून 0.25 मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग टाकणे हाच मार्ग. कॅमशाफ्टचे बुश बहुधा विसरले जातात. तिथूनही तेवढेच प्रेशर निसटते.

जुगाडांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. दाट ऑइल भरले की काटा वर येतो, पण फट तेवढीच राहते आणि थंडीत सुरुवातीचे काही क्षण रॉकर कोरडे चालतात. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकल्याने फक्त कमाल प्रेशर वाढते. आयडलला, जिथे दुखणे असते तिथे, काहीच फरक पडत नाही, कारण तेव्हा तो व्हॉल्व्ह बंदच असतो. गाडी विकताना हे उपाय उपयोगी पडतात, चालवताना नाही. जुना ट्रक घेणाऱ्याने म्हणूनच इंजिन तासभर चालवल्यानंतरचा आयडलचा काटा पाहावा.

बेअरिंग बदलल्यावर गॅलरीची भोके डिझेलने आणि हवेच्या दाबाने साफ करावीत, पंप ऑइलने भरून घ्यावा, नवा फिल्टर बसवावा. डिझेल बंद ठेवून सेल्फने इंजिन थोडे फिरवावे आणि काटा हलल्यावरच चालू करावे. चालू झाल्यावर दहा सेकंदांत प्रेशर दिसले नाही तर रेस देऊन पाहू नये. इंजिन लगेच बंद करावे.