छडी नाही, अपमानही नाही

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार ६ ते १४ वयोगटातील मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी आहे. उल्लंघन करणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. पालकांना छडी दिसते; दुसरा भाग सहसा दुर्लक्षितच राहतो. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचना मात्र त्याबाबत स्पष्ट आहेत. बाकावर उभे करणे, गुडघ्यांवर बसवणे ही शारीरिक शिक्षाच; जातीवरून किंवा आईवडिलांच्या कामावरून टोमणे मारणे, वर्गासमोर लाज काढणे हा मानसिक छळ. वळ चार दिवसांत जातात, असे शब्द जात नाहीत. म्हणूनच ‘मारलं तर नाही ना?’ एवढेच विचारून पालकांनी थांबू नये.

तक्रार केली तर मुलाचा दाखला हातात देतील, ही भीती अनेक घरांत असते. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. तातडीच्या मदतीसाठी मूल स्वतःही १०९८ या क्रमांकावर फोन करू शकते.